द्रव्यांचाही क्रियाकाल असतो

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या, म्हणजे तिस्रैषणीय अध्यायाच्या उत्तरार्धात एका रोग्याचे वर्णन आले आहे. रोग प्रथम उत्पन्न झाला तेव्हा तो अणुप्रमाण होता. मोहाने म्हणा वा प्रमादाने म्हणा, या माणसाने त्याकडे लक्ष दिले नाही. पुढे रोगाने मूळ धरले, बल आणि आयुष्य दोन्ही हरण करण्यास आरंभ केला, तेव्हा कोठे त्याला वैद्याची आठवण झाली. मग तो पत्नीला, पुत्रांना आणि आप्तांना जवळ बोलावतो आणि माझे सर्वस्व घ्या, पण कोणी वैद्य आणा, अशी विनवणी करतो. आचार्यांचा प्रश्न असा, की कृश, दीन आणि क्षीणेंद्रिय झालेल्या या माणसाला आता कोण वाचवू शकणार? शेपटीला दोर बांधून बलवान माणसाने ओढलेली घोरपड जशी प्राणास मुकते, तशीच त्याची गत होते.

हा दृष्टान्त आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासला आहे आणि पुढे चिकित्सालयात तो प्रत्यक्षही पाहिला आहे. पायाच्या लहानशा व्रणाकडे सहा-सहा महिने दुर्लक्ष करून आलेला मधुमेही, किंवा 'पोरीचे लग्न उरकले की दाखवू' असे म्हणत स्तनातील गाठ अंगावर काढणारी गृहिणी, यांना पाहून प्रत्येक वैद्याच्या मनात एकच विचार येतो: हे थोडे आधी आले असते तर! प्रस्तुत लेखाचा विषय मात्र रोग्याची दिरंगाई हा नाही. ज्यांच्या हाती औषध आहे, त्या वैद्यवर्गाची आणि औषधनिर्मात्यांची दिरंगाई हा आहे. तिचा परिणाम एका रोग्यापुरता मर्यादित राहत नाही. पुढच्या कित्येक पिढ्यांच्या चिकित्सेवर तो होतो.

या बाबतीतही शास्त्राने आपल्याला अंधारात ठेवलेले नाही. विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायाचा आरंभ आठवावा. पंचालदेशातील कांपिल्य नगरीत, ग्रीष्माच्या अखेरीस, गंगेच्या तीरी वनातून फिरत असताना भगवान पुनर्वसु आत्रेय अग्निवेशाला सांगतात, की नक्षत्रे, वायू आणि ऋतू यांच्या विकृतीची चिन्हे दिसू लागली आहेत. भूमी नीरस होण्यापूर्वी, औषधींचे रस, वीर्य, विपाक आणि प्रभाव नष्ट होण्यापूर्वीच त्या काढून ठेवा. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आत्रेयांनी हा उपदेश केला तेव्हा जनपदात रोगाची साथ आलेली नव्हती, रोगी दारात उभे नव्हते. वैद्याचे पहिले कर्तव्य म्हणून त्यांनी द्रव्यांची तरतूद सांगितली आणि ती वेळेवर करण्यास सांगितली.

सहा अवस्था आणि काष्ठौषधींचा बाजार

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती आणि भेद असे सहा क्रियाकाल सांगितले. संचयातच दोषाचे निर्हरण केले तर तो पुढच्या अवस्थेस जात नाही, आणि पुढे पुढे गेला तर अधिकाधिक बलवान होतो, हा त्यातील सिद्धान्त. क्रियाकाल या शब्दातच क्रियेला काळाची मर्यादा आहे असे गृहीत धरलेले आहे. हीच चौकट एखाद्या औषधी वनस्पतीच्या ऱ्हासाला लावून पाहिली, तर ती आश्चर्यकारकरीत्या बसते.

रानात वनस्पती गोळा करणाऱ्यास पूर्वी गावाच्या शिवेवर मिळणारे मूळ आता दोन डोंगर ओलांडून आणावे लागते, हा संचय. ही अवस्था त्या गोळा करणाऱ्या माणसालाच ठाऊक असते. ती विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. व्यापाऱ्याकडील भाव चढू लागतो, हा प्रकोप. एका जिल्ह्यातील माल संपला म्हणून मागणी शेजारच्या जिल्ह्यात आणि मग परराज्यात जाते, हा प्रसर. पुढे त्याच नावाच्या पोत्यात दुसऱ्याच झाडाची साल किंवा दुसरेच फळ येऊ लागते, आणि जेथे तपासणीची सोय नाही तेथे ते मुक्काम करते. खवैगुण्य असलेल्या ठिकाणी दोषाने आश्रय घ्यावा, तसाच हा स्थानसंश्रय होय. वनस्पतीचे नाव संकटग्रस्तांच्या यादीत छापून येते, निर्यातीवर बंधने येतात, तेव्हा व्याधी व्यक्त झाला असे समजावे. आणि मूळ द्रव्य कोणते होते याचेच ज्ञान उरत नाही, ती भेदावस्था.

आपल्या व्यवसायात चर्चेला आरंभ होतो तो बहुधा पाचव्या अवस्थेत. परिसंवाद भरतात, ठराव होतात, शासनाकडे निवेदने जातात. तोपर्यंत पहिल्या चार अवस्थांचा काळ निघून गेलेला असतो.

गुग्गुळाचे उदाहरण

योगराज, कैशोर, त्रिफळा, कांचनार, गोक्षुरादी, सिंहनाद अशी नुसती नावे घेतली तरी गुग्गुळावाचून आपले चिकित्सालय कसे चालेल, असा प्रश्न पडतो. हे झुडूप मुख्यतः राजस्थान व गुजरातच्या, विशेषतः मारवाड व कच्छच्या कोरड्या, खडकाळ भूमीत आणि सरहद्दीपलीकडे सिंध व बलुचिस्तानात वाढते. हिवाळ्यात खोडास चिरा द्यावयाच्या, आणि उन्हाळ्यापर्यंत पाझरणारा निर्यास थोड्या थोड्या दिवसांनी गोळा करावयाचा, ही जुनी रीत. चिरा उथळ असतील आणि झाडाला विश्रांती मिळत असेल तर तेच झाड पुन्हा निर्यास देते.

१९६६ साली काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतोक्त मेदोरोगाच्या वर्णनाचा आधार घेऊन गुग्गुळाच्या मेदोहर गुणावर प्रबंध सादर केला. आयुर्वेदीय वचनावरून आरंभ करून आधुनिक संशोधनाच्या कसोटीपर्यंत गेलेल्या कार्याचे उदाहरण म्हणून आपण त्याचा सार्थ अभिमान बाळगतो. पुढे लखनौ येथील केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत या विषयावर काम झाले आणि १९८० च्या दशकात गुग्गुलिपिड हे औषध बाजारात आले. मागणी वाढणार, हे तेव्हाच स्पष्ट होते. लागवडीची रीतही अवघड नव्हती, कारण गुग्गुळाची रोपे फांद्यांच्या छाटांपासून तयार करता येतात. परंतु लावलेले झाड चीक देण्याजोगे होण्यास आठ ते दहा वर्षे लागतात. इतकी वर्षे थांबण्यापेक्षा बाजारातून माल उचलणे सोपे वाटले. बाजारानेही तो पुरविला, कारण खोल चिरा देऊन आणि इथेफॉनसारख्या रसायनांचा लेप लावून एकाच हंगामात कितीतरी अधिक निर्यास काढण्याची पद्धत रूढ झाली. अशा रीतीने पिळून काढलेले झाड त्यानंतर वाळून जाते.

२०१५ साली आय.यू.सी.एन. या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या लाल यादीत गुग्गुळाची नोंद अतिसंकटग्रस्त अशी झाली. देशातील उत्पन्न घटले म्हणून मालाचा मोठा भाग पाकिस्तानातून येऊ लागला होता. २०१९ साली उभय देशांतील व्यापार जवळपास ठप्प झाला आणि २ मे २०२५ रोजी पाकिस्तानी मालाच्या प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष आयातीवर भारत सरकारने संपूर्ण बंदी घातली. राजकीय निर्णयाची चर्चा येथे कर्तव्य नाही. परंतु ज्या द्रव्यावर आपल्या चिकित्सेचा एवढा मोठा भाग उभा आहे, त्याची भिस्त परदेशातील रानावर ठेवली गेली, ही गोष्ट मात्र विचार करावयास लावणारी आहे. १९८० च्या दशकात लावलेल्या गुग्गुळाने आतापर्यंत कित्येक हंगाम चीक दिला असता.

इशाऱ्यांची वर्षे

गुग्गुळ हा अपवाद असता तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. वन्य जीव व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या परिशिष्टांत कोणते द्रव्य कधी गेले, ते पाहावे. कुष्ठ १९८५ साली सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात गेले. सर्पगंधा १९९० साली, रक्तचंदन १९९५ साली, जटामांसी आणि कुटकी १९९७ साली दुसऱ्या परिशिष्टात गेली. सर्पगंधेच्या बाबतीत तर मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगासंबंधीचा निबंध इंग्लंडमधील नियतकालिकात प्रसिद्ध केल्यापासून सगळ्या जगाची दृष्टी तिच्या मुळाकडे वळली होती. म्हणजे इशारा मिळाल्यापासून नियंत्रण येईपर्यंत चाळीस वर्षे हाती होती.

आपल्या सह्याद्रीतील नरक्याची हकीकत याहून वेगाने घडली. हे आपले शास्त्रोक्त द्रव्य नव्हे. परंतु १९७२ साली त्यात कॅम्पटोथेसिन हे कर्करोगावरील औषधांना उपयोगी पडणारे द्रव्य असल्याचे भारतीय शास्त्रज्ञांनी दाखविले, आणि पुढे या द्रव्यापासून तयार झालेली औषधे जगात वापरात येताच कोल्हापूर, सिंधुदुर्गाकडील रानांतून या झाडाची बेसुमार तोड झाली. ज्या झाडाकडे काल कोणी ढुंकूनही पाहत नव्हते, ते एकदा मागणी सुरू झाली की किती अल्पकाळात दुर्मिळ होते, याचे हे घरचे उदाहरण आहे.

आणि सीता अशोक? कोकणातील आणि घाटातील ओलसर रानांत मिळणारे हे झाड आय.यू.सी.एन.च्या यादीत १९९८ सालीच धोक्यात आलेले म्हणून नोंदले गेले. आज शहरांत रस्त्याच्या कडेला सरळसोट वाढणारे जे झाड लोक अशोक म्हणून ओळखतात, ते वेगळेच आहे. त्याची साल अशोकसाल म्हणून बाजारात येते, ही तक्रार जुनी आहे. अशोकारिष्टाची बाटली हाती घेणारी रुग्णा आपल्यावर विश्वास ठेवून ती घेते. त्या बाटलीत सीता अशोक आहे किंवा कसे, हे सांगता येण्याची जबाबदारी वैद्य आणि निर्माता या दोघांचीही आहे.

अष्टवर्गाचा धडा

भेदावस्थेचे उदाहरण पाहावयाचे तर अष्टवर्गाकडे पाहावे. जीवक, ऋषभक, मेदा, महामेदा, काकोली, क्षीरकाकोली, ऋद्धी आणि वृद्धी या आठ द्रव्यांविषयी सोळाव्या शतकातच भावमिश्रांना लिहावे लागले, की ती राजांनाही दुर्लभ झाली आहेत. म्हणून त्यांनी प्रतिनिधी द्रव्ये सांगितली: जीवक-ऋषभकांच्या ठिकाणी विदारी, मेदा-महामेदांच्या ठिकाणी शतावरी, काकोली-क्षीरकाकोलींच्या ठिकाणी अश्वगंधा आणि ऋद्धी-वृद्धींच्या ठिकाणी वाराहीकंद. त्यांनी हे केले नसते तर च्यवनप्राशासारखे कल्प तेव्हाच अडून बसले असते. प्रतिनिधी द्रव्याची परंपरा ही आपल्या शास्त्राची व्यवहारकुशलता आहे, यात संशय नाही.

परंतु तिची दुसरी बाजूही आहे. एकदा प्रतिनिधी रूढ झाला, की मूळ द्रव्याचा शोध घेण्याची निकड संपते. आता संशोधकांनी हिमालयातील काही वनस्पती अष्टवर्गातील म्हणून निश्चित केल्या आहेत. तथापि मधल्या शतकांत त्यांच्या वापराचा जो अनुभव वैद्यपरंपरेत साठला असता, तो साठला नाही. वनस्पती कदाचित परत मिळेल, अनुभवाची ती शतके परत मिळणार नाहीत. शिवाय भावमिश्रांनी जाणीवपूर्वक, नाव सांगून प्रतिनिधी दिला, तर आजच्या बाजारातील पोत्यात तो न सांगता येतो. पहिल्यास युक्ती म्हणतात, दुसऱ्यास भेसळ.

न लिहिलेले ज्ञान

द्रव्यांप्रमाणेच ज्ञानालाही क्रियाकाल आहे. आत्रेयांच्या सहा शिष्यांनी प्रत्येकी तंत्र रचले. त्यांपैकी जतूकर्ण, पराशर आणि क्षारपाणी यांची तंत्रे टीकाकारांनी दिलेल्या उताऱ्यांपुरतीच उरली आहेत. भेलसंहिता तंजावर येथील एका खंडित हस्तलिखितावरून १९२१ साली कलकत्त्यास छापली गेली. काश्यपसंहिता नेपाळचे पंडित हेमराज शर्मा यांना त्रुटित स्वरूपात मिळाली आणि यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्या सहकार्याने १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाली. खुद्द चरकसंहितेच्या १२० अध्यायांपैकी चिकित्सास्थानातील १७ आणि कल्प व सिद्धी या स्थानांतील २४ मिळून ४१ अध्याय दृढबलाने पूर्ण केले, कारण ते उपलब्ध नव्हते. हे ग्रंथ जाणूनबुजून कोणी नष्ट केले असतील असे नाही. भूर्जपत्र आणि ताडपत्र जीर्ण होते. ते पूर्ण झिजण्याआधी कोणीतरी नवी प्रत करावी लागते. ती प्रत झाली नाही, एवढेच पुरेसे असते.

आज छापखाना आहे, संगणक आहे, प्रत्येकाच्या खिशात छायाचित्र काढणारा फोन आहे. तरीही वयोवृद्ध वैद्यांच्या मागे त्यांची हस्तलिखित बाडे रद्दीत जातात आणि चाळीस-पन्नास वर्षांचे रुग्णवृत्त कपाटासह विकले जाते. 'नानांना एकदा सवडीने सगळे विचारून घ्यायला हवे होते', हे वाक्य श्रद्धांजलीच्या सभेत किती वेळा ऐकावयास मिळते! लिहिलेल्या ज्ञानाचे बळ केवढे असते, ते हळदीच्या प्रकरणात दिसले. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकेत १९९५ साली दिले गेलेले पेटंट १९९७ साली रद्द झाले, कारण वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेला त्याविरुद्ध जुने लेखी पुरावे सादर करता आले. परंपरागत ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचा उपक्रमही त्यानंतर, २००१ साली सुरू झाला. ज्या योगाची कोठेही लेखी नोंद नाही, त्याच्या बाजूने कोण साक्ष देणार?

वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांचे स्मरण या ठिकाणी होते. १८६७ ते १९०९ एवढेच त्यांचे आयुष्य. तेवढ्या अवधीत त्यांनी 'आर्यभिषक्' सारखा ग्रंथ मराठी घरांपर्यंत पोहोचविला आणि १९०७ साली नाशिक येथे अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाची स्थापना केली. निवृत्तीनंतर लिहू, असे ते म्हणत बसले असते तर आपल्या हाती काहीच आले नसते; कारण बेचाळिसाव्या वर्षीच त्यांचे जीवनकार्य थांबले.

दिरंगाई का होते

ही दिरंगाई केवळ आळसातून होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिची कारणे व्यवहारात आहेत आणि ती समजून घेतल्याशिवाय उपाय सापडणार नाही. शेतकरी म्हणतो, खरेदीची लेखी हमी द्या, मग लावतो. त्याचे म्हणणे गैर नाही. २००० सालाच्या आगेमागे महाराष्ट्रात सफेद मुसळीच्या लागवडीची जी लाट आली, तीत बेणे विकणाऱ्यांचे भले झाले आणि माल तयार झाल्यावर भाव कोसळून कित्येक शेतकरी पोळले, ही आठवण अजून ताजी आहे. निर्माता म्हणतो, माल दाखवा, मग भाव ठरवू. पंधरा वर्षांनंतरच्या सालीचा भाव आज कसा सांगणार? त्याचेही म्हणणे समजण्यासारखे आहे. जमीनधारकाला वाटते, लावलेले झाड तोडण्यास आणि माल वाहून नेण्यास परवाने मिळवावे लागतील, मग ही कटकट कशाला? वैद्य म्हणतो, आपण तर तयार औषध घेतो, कच्च्या मालाशी आपला काय संबंध? असे चौघेही एकमेकांची वाट पाहत राहतात आणि मधल्या काळात रान रिकामे होते.

याखेरीज एक सूक्ष्म कारण आहे. व्यापाराच्या साखळीत चार-पाच हात असतात. गोळा करणारा, गावचा दुकानदार, अडत्या, मोठ्या पेठेतील व्यापारी आणि मग निर्माता. पहिल्या हाताला कळलेला संचय पाचव्या हाताला कळेपर्यंत प्रकोप आणि प्रसर होऊन गेलेले असतात. दरवर्षी माल मिळतो, म्हणून सर्व ठीक आहे असे वाटते. पण पोते भरलेले असणे हे रान भरलेले असल्याचे लक्षण नव्हे.

झाडांची वर्षे

पैशाने भरून न निघणारी एकच गोष्ट येथे आहे, ती म्हणजे झाडाच्या वाढीचा काळ. अश्वगंधा पाच-सहा महिन्यांत काढणीस येते. शतावरीला दीड-दोन वर्षे लागतात. कलमी आवळा चौथ्या-पाचव्या वर्षी फळ देऊ लागतो. गुग्गुळाला आठ-दहा वर्षे, सीता अशोकाची साल काढण्याजोगी होण्यास पंधरा-वीस वर्षे आणि रक्तचंदनाचे सारकाष्ठ भरण्यास पंचवीस-तीस वर्षे तरी द्यावी लागतात. अश्वगंधेची टंचाई पुढच्या हंगामात दूर करता येते. अशोकाची टंचाई आज जाणवली, तर तिच्यावरचा उपाय वीस वर्षांपूर्वी करावयास हवा होता.

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची स्थापना २४ नोव्हेंबर २००० रोजी झाली. ज्यांनी त्या सुमारास बांधावर अशोकाची रोपे लावली असतील, त्यांच्या झाडांची साल आज काढण्यायोग्य झाली आहे. 'इतकी वर्षे कोण थांबणार' असे म्हणून ज्यांनी ती लावली नाहीत, त्यांचीही तेवढीच वर्षे गेली. काळ दोघांसाठी सारखाच चालतो.

वेळेवर पाऊल उचलल्याचे उदाहरणही आपल्याच देशात आहे. कुष्ठ हे काश्मीरचे द्रव्य. त्याची लागवड गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच हिमाचलातील लाहौल खोऱ्यात सुरू झाली. रानातील कुष्ठाचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारान्वये बंद झाला, तरी शेतातील कुष्ठ आपल्याला मिळत राहिले. संकट येण्यापूर्वी कोणीतरी शेतात मूळ रोवले होते, म्हणून ते द्रव्य अष्टवर्गाच्या वाटेने गेले नाही.

आता काय करता येईल

ज्या क्रियाकालाची संधी गेली, ती गेली. परंतु आमच्या मते सर्व द्रव्ये सारख्या अवस्थेत नाहीत. काही अजून संचयात आहेत, काही प्रकोपात. म्हणून प्रत्येक निर्मात्याने प्रथम आपल्या कच्च्या मालाची यादी घेऊन बसावे आणि प्रत्येक द्रव्यापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: ते रानातून येते की शेतातून, त्याचा कोणता भाग वापरला जातो, आणि ते झाड वापरण्याजोगे होण्यास किती वर्षे लागतात. रानातून येणारे, ज्याचे मूळ किंवा साल लागते आणि ज्यास दहापेक्षा अधिक वर्षे लागतात, असे द्रव्य यादीत सर्वांत वर घ्यावे. बृहत्पंचमुळातील बिल्व, अग्निमंथ, श्योनाक, शिवण व पाटला यांची मुळे या दृष्टीने प्रथम विचारात घ्यावी लागतील, कारण मूळ काढले की झाडच जाते.

एकट्या लहान फार्मसीला वीस वर्षांचा करार झेपणार नाही, हे खरे. परंतु एका जिल्ह्यातील आठ-दहा फार्मसीचालकांनी एकत्र येऊन एकाच द्रव्याची जबाबदारी घेतली तर ते अशक्य नाही. झाडांच्या मधल्या ओळींत शतावरी, गुळवेल, अडुळसा यांसारखी लवकर येणारी द्रव्ये घेतल्यास शेतकऱ्याच्या हाती दरवर्षी काही पैसा येतो, आणि तीच द्रव्ये फार्मसीलाही लागतात. जैविक विविधता अधिनियमातील २०२३ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली असून लागवडीतील औषधी वनस्पतींना उगमाचे प्रमाणपत्र असल्यास काही तरतुदींतून सूट मिळाली आहे. म्हणजे शेतातील मालाचे कागद नीट ठेवण्यात निर्मात्याचा प्रत्यक्ष लाभही आहे.

जे रानातूनच घ्यावे लागते, ते घेण्याची रीत सुधारता येते. साल झाडाच्या सर्व बाजूंनी न सोलता एका बाजूने उभ्या पट्टीत काढली तर झाड जगते. वावडिंगासारखे फळ पिकण्यापूर्वी ओरबाडले नाही तर बी रुजण्यास उरते. या गोष्टी गोळा करणाऱ्यांना ठाऊक असतात. घाईचा भाव मिळतो म्हणून त्या पाळल्या जात नाहीत. जुन्नर-आंबेगावकडील डोंगरात हिरडा गोळा करणाऱ्या महादेव कोळी कुटुंबांना झाडे, हंगाम आणि प्रत यांची जी जाण आहे, ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. निर्मात्याने वर्षातून एकदा तरी त्यांच्यापर्यंत जावे, योग्य रीतीने काढलेल्या मालास दोन पैसे अधिक द्यावेत आणि यंदा माल किती लांबून आणावा लागला, हे विचारून लिहून ठेवावे. संचयावस्था ओळखण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

वैद्यबंधू-भगिनींनी दोन गोष्टी कराव्यात. आपण ज्याचे औषध देतो त्या निर्मात्याला, हे द्रव्य कोठून आणता, असे पत्राने विचारावे. असा प्रश्न ग्राहकाकडून आला, की तो कारखान्यात गांभीर्याने घेतला जातो. आणि आपल्या तालुक्यातील सर्वांत वयोवृद्ध वैद्यांकडे, तसेच रानातील जाणकार वैदूंकडे याच महिन्यात जावे. त्यांच्या संमतीने त्यांचे योग, द्रव्यांची स्थानिक नावे आणि ती मिळण्याची ठिकाणे उतरवून घ्यावीत, नमुने घेऊन ठेवावेत आणि नोंदीची एक प्रत त्यांच्या कुटुंबाकडेच ठेवावी. गावोगावच्या लोक जैवविविधता नोंदवहीत त्यातील जे देण्यासारखे असेल ते त्यांच्या नावानिशी जावे.

बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण शेतकऱ्याने अनुभवातून केली. तिच्यातील शेतकऱ्याला निदान दुसरा बैल विकत आणता येत होता. वीस वर्षांचे अशोकाचे झाड कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही. रोपे मिळतात, वनविभागाच्या व कृषी विद्यापीठांच्या रोपवाटिकांत सीता अशोक, बेल, शिवण यांची चौकशी करावी आणि येत्या मृगाच्या पावसापूर्वी खड्डे खणून तयार ठेवावेत. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांनी आपल्या गावच्या देवराईत, शाळेच्या वा महाविद्यालयाच्या आवारात पाच झाडे लावून ती जगवावीत. त्यांची साल आपल्यापैकी अनेकांच्या उपयोगास येणार नाही. ती ज्यांच्या उपयोगास येईल, ते विद्यार्थी आज पहिल्या वर्षाच्या वर्गात बसलेले आहेत.